गळणाऱ्या पंपांचे इंग्रजी

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचा कारखाना होता. तिथे मी एकवीस वर्षे इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. त्या एकवीस वर्षांत आमच्या कंपनीला अपयश असे एकदाही आले नाही. हे मी अधिकाराने सांगते, कारण सगळी पत्रे मीच टाइप करीत असे. हातची ऑर्डर गेली, तर तो 'सेटबॅक' असे. माल वेळेवर निघाला नाही, तर 'स्लिपेज'. उत्पादन ठरल्याच्या निम्मे झाले, तर 'शॉर्टफॉल'. नवा पंप पहिल्याच महिन्यात बंद पडला, तर 'टीदिंग ट्रबल', म्हणजे बाळाला दात येताना होतो तसला त्रास. त्या पंपाला दात कधी आले नाहीत आणि पुढे बाळही राहिले नाही, पण पत्रात शेवटपर्यंत त्रास दातांचाच राहिला.

बाहेरच्या वाचकाला हे काम नेमके काय असते, ते आधी सांगायला हवे. साहेब इंग्रजीत बोलतात, आपण लघुलिपीत उतरवून घेतो आणि मग त्याचे पत्र करतो, असा लोकांचा समज असतो. आमचे साहेब इंग्रजीत बोलत नसत. ते मराठीत रागावत, हिंदीत शिवी देत आणि 'याचं जरा चांगलं लेटर करा' असे सांगून मोकळे होत. घडलेली गोष्ट माझ्या टेबलावर उघडीवाघडी येई आणि मी तिला कपडे घालून बाहेर पाठवी. कपडे कोणते, हे ती गोष्ट कोणाच्या हातून घडली यावर ठरे. हे मला कोणी शिकवले नाही. तीन महिन्यांत मी ते आपोआप शिकले, आणि ते चांगले जमते याचा मला तेव्हा अभिमानही होता.

माझी जडणघडण शाळेतली. वडील पार्ल्याला इंग्रजीचे शिक्षक होते. मी स्वतः बी.ए. झाल्यावर बोरीवलीच्या एका शाळेत दीड वर्ष रजेच्या जागेवर शिकवले होते. शाळेत या सगळ्या प्रकाराला एकच शब्द होता, तो म्हणजे नापास. तो तांबड्या शाईने लिहिला जाई. ज्याचा त्याला समजे, त्याच्या आईबापांना समजे आणि दुपारपर्यंत शेजाऱ्यांनाही समजे. शब्द कठोर होता, पण सर्वांना सारखा लागू होता. डॉक्टरांच्या मुलाला 'सेटबॅक' आणि शिपायाच्या मुलाला 'नापास', असे प्रगतिपुस्तकात आम्ही कधी लिहिले नाही.

कारखान्यात मात्र शब्द पायरी पाहून वाढले जात. डायरेक्टरांना 'सेटबॅक' येई. तो बाहेरून येऊन आदळतो, त्यात ज्याच्यावर आदळतो त्याचा दोष नसतो. वर्क्स मॅनेजरांचा 'शॉर्टफॉल' होई. म्हणजे त्यांनी सारे केले होते, फक्त जगात काहीतरी थोडे कमी पडले. कारकुनाकडून 'ओव्हरसाइट' होई, नजर चुके, कारण बिचाऱ्याला नजर तरी आहे हे कंपनीला मान्य होते. यंत्राचा 'ब्रेकडाऊन' होई आणि त्याला विश्रांती मिळे. कामगाराच्या वाट्याला मात्र 'नेग्लिजन्स' येई, निष्काळजीपणा, आणि प्रकरण वर गेले की त्याच्याआधी 'ग्रॉस', म्हणजे घोर, लागे. शब्दकोशात हे सगळे समानार्थी म्हणून एकाच परिच्छेदात दाटीने बसलेले असतात. आमच्याकडे त्यांची कँटीन वेगवेगळी होती.

या भाषेला दाद न देणारा एकच माणूस मला भेटला. घाटकोपरचे आमचे विक्रेते शामजीभाई. परदेशवारीहून परतलेल्या आमच्या डायरेक्टरांनी एक वजनाला हलका पंप बाजारात आणला होता. तो इतका हलका होता की चालू केला की जागा सोडून चालू लागे. सगळे पंप परत यायला लागले, तेव्हा मी विक्रेत्यांना पत्र लिहिले की, ग्राहकांच्या बदलत्या गरजा ध्यानात घेऊन हे मॉडेल आम्ही टप्प्याटप्प्याने मागे घेत आहोत. शामजीभाईंनी पोस्टकार्डावर उत्तर पाठवले: 'युवर पंप इज फ्लॉप. टेक बॅक.' डायरेक्टर संतापले. ही काय भाषा झाली, म्हणाले. मी शामजीभाईंना दीड पानाचे पत्र लिहून त्यांची भाषा आक्षेपार्ह असल्याचे कळवले. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बेन, तुमचा लेटर भेटला. फर्स्ट क्लास इंग्लिश हाय. पण पंप अजून माझ्या दुकानातच हाय."

अंधेरीपासून घाटकोपरपर्यंतच्या पट्ट्यात इंग्रजी खऱ्या अर्थाने येणारा तो एकच गृहस्थ होता, असे माझे आजचे मत आहे. त्या दिवशी मात्र मी ऑफिसात त्यांची नक्कल करून दाखवली आणि सगळे पोट धरून हसले.

इथवरचे हसण्यावारी नेता येते. पुढचे येत नाही.

खाली टेस्टिंग विभागात शांताराम परब नावाचे कामगार होते. मालवणकडचे, गोरेगावला बैठ्या चाळीत राहणारे, मराठी सातवीपर्यंत शिकलेले. गिरण्यांचा संप सुरू होऊन दोन वर्षे उलटली होती. परबांचे थोरले भाऊ गिरणीतले, ते घरी बसलेले. दोन्ही बिऱ्हाडे परबांच्या एका पगारावर चालली होती, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होते.

परबांचे काम दिसायला सोपे होते. तयार पंपाची तोंडे बंद करायची, आत पाणी भरून दाब चढवायचा आणि दहा मिनिटे त्याच्याकडे बघत उभे राहायचे. मग पंपाच्या कार्डावर शेरा मारायचा. परबांचे शेरे तीनच होते: ठीक, घामतो, गळतो. बिडाच्या ओतकामात बारीक छिद्रे राहिली की दाबाखाली पंपाच्या अंगावर पाण्याचे मणी येतात, तो घाम. असा पंप नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबाखाली लावायचा. गळणारा सरळ परत पाठवायचा. तीन शब्दांत त्या माणसाने पंपाची सगळी विद्या बसवली होती. एवढ्याच कामाला माझ्याकडे चाळीस शब्द होते.

ही कार्डे संध्याकाळी वर माझ्याकडे येत. त्यांवरून मी ग्राहकासाठी इंग्रजीत टेस्ट सर्टिफिकेट टाइप करी, एका पंपाला एक. मग तो गठ्ठा परबांकडे सहीसाठी खाली जाई. परबांना इंग्रजी वाचता येत नसे. ते हात पुसत, खिशातले पेन काढत आणि एकामागून एक सह्या करीत. एकदा मी त्यांना म्हटले होते की, निदान पंपाचा नंबर तरी ताडून बघत जा. ते म्हणाले, "बाईंनी लिहिलाय ना, मग त्यात काय बघूचा?" मला ते ऐकून बरे वाटले होते.

त्या वर्षी मार्चअखेर मुलुंडच्या एका नव्या वसाहतीची चाळीस पंपांची ऑर्डर होती. एकतीस मार्चच्या आत माल बाहेर पडायलाच हवा होता. आमचे वर्क्स मॅनेजर नाडकर्णी साहेब अकरा कार्डे हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. अकराही कार्डांवर 'गळतो' लिहिले होते. "मॅडम, याचं जरा बघा," ते म्हणाले, "थोडं पाणी येतंय, तिथे बसवताना नट आवळले की झालं." मी विचार केला आणि लिहिले: 'स्लाइट सीपेज, विदिन लिमिट्स.' किंचित पाझर, मर्यादेच्या आत. मर्यादा कोणती आणि ती कोणी घातली, हे त्या शब्दांना विचारता येत नाही, आणि तेच त्यांचे कसब. साहेब 'झकास' म्हणाले. मला समाधान वाटले, हेही इथे लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी परबांनी चाळीस सह्या केल्या.

मे महिन्यात मुलुंडच्या पंपघरांत जमिनीवर पाणी साठले. तीन इमारतींच्या पंपांच्या मोटारी जळाल्या. ऐन उन्हाळ्यात लोकांनी पाच दिवस चार चार मजले बादल्या चढवल्या. वसाहतीचे सेक्रेटरी आमच्या ऑफिसात आले. निवृत्त गृहस्थ, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी माझीच सर्टिफिकेटे टेबलावर ठेवली आणि नाडकर्णी साहेबांना विचारले, "पंप गळतो हे आमच्या वॉचमनला कळलं. तुमच्या कंपनीला सर्टिफिकेट देऊनही कळलं नाही?"

त्या संध्याकाळी डायरेक्टरांना गेलेल्या अहवालात हा प्रकार 'अन्फॉर्च्युनेट सेटबॅक' झाला. पण सेटबॅकला कोणी जबाबदार नसते आणि मुलुंडच्या लोकांना तर एक माणूस दाखवायचा होता. सर्टिफिकेटांवर सही परबांची होती. सदोष पंप पास केल्याबद्दल 'ग्रॉस नेग्लिजन्स' असे आरोपपत्र तयार झाले. ते मी टाइप केले. पुरावा म्हणून मी टाइप केलेली सर्टिफिकेटे त्याला मीच टाचणीने जोडली. टाचण्यापूर्वी मी साहेबांना म्हटले, "कार्डांवर त्यांनी गळतो असं लिहिलं होतं." साहेब म्हणाले, "ती रफ कार्डं हो. रद्दीत गेली."

कार्डे रद्दीत गेली नव्हती. उत्तरपत्रिका निकालानंतर सहा महिने जपून ठेवायच्या, हा नियम मी शाळेतून कारखान्यात आणला होता. दर महिन्याची कार्डे सुतळीने बांधून माझ्या लोखंडी कपाटात खालच्या खणात असत. हे कोणाला माहीत नव्हते, कारण कोणाला ती कधी लागली नव्हती.

परब सस्पेंड झाले. चौकशीसाठी कंपनीने बाहेरून एक वकील नेमले. रेकॉर्ड इंग्रजीत ठेवायचे म्हणून ते इंग्रजीत प्रश्न विचारीत, मी परबांना मराठीत सांगे, परबांचे उत्तर मी इंग्रजीत करून टाइप करी. दुभाषी मी, टंकलेखक मी आणि ज्यावरून सगळे घडले त्या कागदांची लेखिकाही मीच. या योजनेत कोणाला काही खटकले नाही. मलाही बोलून दाखवावे इतके खटकले नाही.

वकिलांनी सही ओळखायला सांगितली. परब म्हणाले, माझीच आहे. वाचून केली का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "इंग्रजी मला येत नाही. बाईंनी लिहिलं, मी सही केली. मी कार्डावर गळतो म्हणूनच लिहिलं होतं." अशी कार्डे रेकॉर्डवर नाहीत, असे नाडकर्णी साहेबांनी सांगितले. वकिलांनी वाक्य सांगितले आणि मी टाइप केले की, मजकूर न वाचता सही केल्याचे कामगार कबूल करतो. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. इतके नीटनेटके असत्य मी त्याआधी कधी टाइप केले नव्हते.

पुढची तारीख आठ दिवसांनी होती. सस्पेंड झालेल्या कामगाराने रोज सकाळी गेटवर येऊन वॉचमनच्या वहीत हजेरीची सही करायची, असा आमच्याकडे नियम होता. परब ती करून तिथेच बाकावर बसत. मी रिक्षातून उतरले की ते उठून उभे राहत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "बाई, कार्डं मिळतील ना?"

"बघते," मी म्हणाले.

बघण्यासारखे काही नव्हते. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पण कार्डे बाहेर आली की माझे इंग्रजीही बाहेर येणार होते. 'गळतो'च्या शेजारी 'स्लाइट सीपेज' ठेवून कोणीही वाचू शकला असता. इतरांच्या चुकांना मी वर्षानुवर्षे शब्द पुरवले होते. या एका कृत्याला कोणता शब्द द्यावा, ते मला आठ दिवस सापडेना. सापडत नाही म्हणून मी गप्प बसले, असे मी तेव्हा मनाला सांगत होते. खरे तर मी नोकरीला घाबरले होते. या भित्रेपणाला मी आता दुसरा शब्द शोधत नाही.

दुसऱ्या बैठकीत वकिलांनी सहज विचारले, सर्टिफिकेटांचा मजकूर तयार कोण करते. मग नाडकर्णी साहेब हसून म्हणाले की, टायपिंगमध्ये काही इकडेतिकडे झाले असेल, तर ते आमच्या मॅडमचे ओव्हरसाइट धरता येईल. आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "घाबरू नका हो. तुमच्यासाठी शब्द ठेवलाय."

माझ्या पायरीचा शब्द मला मिळाला. तो वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर उपकाराचे हसू होते. समोर परब बसले होते आणि ते हसू त्यांनीही पाहिले. त्यांच्या पायरीचा शब्द त्यांच्या आरोपपत्रात आधीच टाइप झालेला होता.

मी उठले, कपाट उघडले, मार्चची जुडी आणली आणि वकिलांसमोर सुतळी सोडली. अकरा कार्डे बाजूला काढून ठेवली. वकील मराठीच होते, त्यांना दुभाषी लागला नाही. मी म्हणाले, "माझी नजर चुकली नाही. हे वाचून मी ते लिहिलं." साहेब म्हणाले, हे रेकॉर्ड धरता येणार नाही. वकिलांनी कार्डे दोनदा मोजली, चौकशी तहकूब केली आणि चहा न घेता निघून गेले.

मला कोणी काढले नाही. माझ्यासारखे इंग्रजी त्या पगारात दुसरे मिळाले नसते, एवढाच त्याचा अर्थ. परबांवरचा आरोप मागे घेतल्याचे पत्र निघाले. ते मात्र नाडकर्णी साहेबांनी, मी तिथे असल्यापासून पहिल्यांदाच, अथपासून इतिपर्यंत स्वतः इंग्रजीत सांगितले. परबांना वर बोलावले. स्थळप्रतीवर, म्हणजे ऑफिसात राहणाऱ्या प्रतीवर, सही केली की ते त्याच दिवशी कामावर जाऊ शकत होते. परबांनी पेन काढले नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, काय लिहिलंय ते सांगा.

मी सांगितले की आरोप मागे घेतला आहे.

"म्हणजे माझी चूक नव्हती, असं लिहिलंय?"

"नाही."

"मग?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना बरा वाटेल असा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला.

"तुमची चूक झाली, पण इतक्या वर्षांची नोकरी बघून दया दाखवून सोडून देतोय, असं लिहिलंय."

परबांनी पत्र उचलून पाहिले. मग साहेबांना म्हणाले, "कामावर मी येतो. भाऊ घरात बसलाय, मला नाही म्हणायला जमणार नाही." त्यांनी स्थळप्रतीवर सही केली. मूळ पत्राची चौकोनी घडी घातली आणि ती माझ्या टाइपरायटरवर ठेवली.

"हा कागद मी घरी नेत नाही. पोरगी आठवीत गेली, इंग्रजी वाचते ती आता. तुमीच ठेवा, बाई."

तो कागद आजही माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्टिफिकेटांचा गठ्ठा घेऊन मी नेहमीप्रमाणे खाली गेले. परबांनी हात पुसले, पेन काढले, टोपण उघडले आणि थांबले.

"वाचा, बाई."

मी विचारले, सगळी? ते म्हणाले, सगळी. टेस्टिंगच्या ओल्या फरशीवर उभी राहून मी एकेक कागद मराठीत वाचू लागले. पंपाचा नंबर, दाब, मिनिटे, शेरा. शेजारी यंत्रे चालू होती, म्हणून मोठ्याने वाचावे लागत होते. आजूबाजूचे कामगार हातातले काम टाकून बघत होते. गेटवर ट्रक उभा होता आणि साहेबांचा शिपाई दोनदा येऊन गेला. सातव्या की आठव्या कागदावर मी वाचले, 'समाधानकारक'.

परबांनी आपले कार्ड समोर धरले. त्यावर 'घामतो' होते. माल अडू नये म्हणून घामणाऱ्या पंपांना मी कैक वर्षे 'सॅटिस्फॅक्टरी' लिहीत आले होते. एवढे सगळे होऊनही त्या सकाळी माझा हात त्याच वळणाने गेला होता.

"कोणाचं समाधान?" परबांनी विचारले.

त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि पुढचा वाचायला सांगितले.

त्या दिवशी सव्वीस पंप होते. मी सव्वीस कागद वाचले. परबांनी एकोणीस सह्या केल्या, आणि ट्रक एकोणीस पंप घेऊन गेला. घामणाऱ्या पंपांचे उरलेले सात कागद मी वर आणले, फाडले आणि नव्याने टाइप करायला बसले.